आतला आकडा

थोरलीने हेडफोन कानांवर घट्ट दाबला, रेकॉर्डिंग दहा सेकंद मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं.

"अध्यक्षांच्या कामावर आपण पूर्ण समाधानी आहात, बऱ्यापैकी समाधानी आहात, फारसे समाधानी नाही, की अजिबात नाही?"

प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा घसा बसला होता. पलीकडे कुणी पुरुष होता आणि तो गप्प होता. त्याच्या मागे नळ वाहत होता. कुणीतरी नळ बंद केला, आणि मग तो म्हणाला, "पूर्ण. पूर्ण समाधानी, लिहा."

थोरलीने तक्त्यात 'उत्तर' या रकान्यात 'जुळतं' असं लिहिलं आणि शेजारच्या 'विराम' या रकान्यात सहाचा आकडा टाकला. सहा सेकंद. मग तिने मांडीवरची छोटी वही उघडली आणि पेन्सिलीच्या एका रेघेसरशी त्या पुरुषाला असमाधानी लोकांत बसवून टाकलं.

जनमत कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर ती तपासनीस होती. खालच्या मजल्यावरच्या मुली देशभर फोन लावून लोकांना प्रश्न विचारत. दहांतलं एक रेकॉर्डिंग वर येई, आणि मुलीने लिहिलेलं उत्तर माणसाने दिलेल्या उत्तराशी जुळतं की नाही, ते थोरली बघे. आधीच्या कार्यालयातल्या लोकांनी घरबसल्या आकडे रचले होते. अध्यक्षांना ते कळलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना नारळ दिला आणि "मला खरा आकडा हवा आहे," असं टीव्हीवर सांगितलं. माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडं. विरामाचा रकानाही तेव्हाचाच. खोटा फोन धडाधड चालतो, खरा माणूस बोलताना थांबतो, असं कुणा तज्ज्ञाने सांगितलं होतं म्हणे. तज्ज्ञ आपलं मानधन घेऊन गेला, रकाना मागे राहिला. दर गुरुवारी तक्ते वरच्या मजल्यावर जात आणि विरामांकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

थोरली मात्र ते मोजत असे. त्याला कारण होतं.

तिचा धाकटा भाऊ वार्ताहर होता. वीस महिन्यांपूर्वी त्याने एका सरकारी दवाखान्याबाहेर रांगेत उभ्या असलेल्या चाळीस लोकांना विचारलं होतं, की अध्यक्षांबद्दल तुम्हाला काय वाटतं? लोक उन्हाने कावलेले होते, मोकळेपणी बोलले. धाकट्याने नावं न देता ते छापून आणलं. ही माणसं कोण, असं न्यायालयाने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं नाही. मग अशी माणसं नव्हतीच, सगळा मजकूर रचलेला, असं ठरलं आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. ज्या वर्तमानपत्राने तो मजकूर पहिल्या पानावर घेतला होता, त्याने त्याच जागी माफी छापली. रांगेतल्या चाळिसांनी तर ताकास तूर लागू दिली नाही.

"चाळीस जण!" आई अजूनही भाजी निवडता निवडता मधेच हात थांबवून म्हणायची. "एकाला तरी कंठ फुटावा की नाही? नुसतं म्हणायचं, मी होतो बाबा त्या रांगेत. संपलं. पण नाही. सगळे मेले आपापला जीव सांभाळून बसले."

थोरलीचं सासर सुटलं होतं, पण आडनाव चिकटून राहिलं होतं, म्हणून ती कुणाची बहीण आहे हे कार्यालयात कुणाला माहीत नव्हतं.

वकीलबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "अपिलात काही दम नाही," त्या म्हणाल्या होत्या. "माफीचा अर्ज तेवढा अध्यक्षांच्या टेबलावर पडून आहे. मागे तुरुंगातल्या त्या शिक्षकांना सोडलं ना, तेव्हा आकडा पन्नासाच्या खाली गेला होता. आठवड्याच्या आत सह्या झाल्या. आकडा पडला की यांना दया सुचते."

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी थोरली चपला काढते न काढते तोच आई विचारायची, "किती?"

पहिल्या गुरुवारी तिने खरं ते सांगितलं होतं. एक्याऐंशी. आईने मान उडवली. "ते पेपरातलं झालं. पेपरवाले काहीही छापतात, धाकटाच सांगायचा. तू आतला आकडा सांग."

आतला आकडा नव्हताच. आत एक्याऐंशी होते आणि बाहेरही एक्याऐंशीच छापून येत. मधे कुणी हात घातला नव्हता, आणि तसा कुणी घालू नये म्हणूनच तर थोरलीला पगार मिळत होता. लोकच तसं सांगत होते. पण हे आईला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या आठवड्यात तिने वही आणली. पूर्ण समाधानी म्हणायला ज्याला तीन सेकंदांहून जास्त लागले, तो मनातून समाधानी नाही, असं तिचं गणित. त्या हिशेबाने बासष्ट निघाले. तिने आईला बासष्ट सांगितले.

पुढे साठ झाले, मग सत्तावन्न, मग त्रेपन्न. आई कॅलेंडरवर त्या त्या गुरुवारी बारीक अक्षरात आकडा लिहू लागली. थोरलीला हे खोटं बोलणं वाटेनासं झालं. जो आज सहा सेकंद थांबतो, तो उद्या दहा सेकंद थांबेल आणि परवा तोंड उघडेल, असं तिला खरोखरच वाटू लागलं. दुष्काळात माणूस ढगाच्या सावलीवरही जगतो, त्यातलीच ती गत.

"किती राहिले?" मोजपट्टी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हा त्यांचा पर्यवेक्षक. कागदाचा समास मोजून घ्यायचा, म्हणून नाव मोजपट्टी पडलेलं.

"एक."

"आटपा मग. वरून दोनदा फोन आला. साहेबांना चहाच्या आधी आकडा लागतो." मग आवाज उतरवून तो खुशीत म्हणाला, "ब्याऐंशीवर जातोय बहुतेक. उद्या पेपरांत मथळा बघा."

"हो का?" थोरली म्हणाली आणि तिने वही मांडीवर दाबून धरली.

तिच्या वहीत एकशे नव्याण्णव रेघा झाल्या होत्या. त्यांतले खरे समाधानी सत्त्याण्णव. शेवटच्या माणसाने काहीही उत्तर दिलं तरी पारडं इकडेच झुकणार होतं. दोनशेत अठ्ठ्याण्णव, म्हणजे एकोणपन्नास. पन्नासाच्या खाली. तिने दोनदा पडताळून पाहिलं. छातीत लहानपणी पेपर सोपा गेल्यावर व्हायचं तसं होत होतं. संध्याकाळी आईचा चेहरा कसा होईल, ते तिला आत्ताच दिसत होतं.

तिने शेवटचं रेकॉर्डिंग लावलं.

फोन चार वेळा वाजला. मग उचलला गेला आणि एक बाई म्हणाली, "कोण आहे?"

हॅलो न म्हणता असं दरडावून विचारणारी एकच बाई थोरलीला माहीत होती.

ओळखीचा आवाज निघाला तर रेकॉर्डिंग दुसऱ्या तपासनिसाकडे द्यायचं, असा नियम होता. थोरलीचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"जनमत कार्यालयातून बोलतेय. पाच मिनिटं आहेत का आपल्याला?"

"हो, हो. बोला ना, बाळ."

"घरी माणसं किती?"

"दोघी. मी आणि माझी मुलगी."

"मुलं किती आपल्याला?"

"एकच हो. मुलगीच."

मागे थोरलीच्या घरातलं घड्याळ टिकटिकत होतं. त्याची किल्ली सैल आहे, ते दुरुस्तीला टाकायला हवं, असं काहीतरी निरर्थक तिच्या मनात येऊन गेलं.

"वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर आपला विश्वास आहे का?"

"आहे की. खरं असल्याशिवाय का कुणी छापतं?"

"अध्यक्षांच्या कामावर आपण पूर्ण समाधानी आहात, बऱ्यापैकी—"

"पूर्ण," आई म्हणाली. "पूर्ण समाधानी."

"मला प्रश्न पुरा वाचावा लागतो, आजी."

"वाचा, वाचा. उत्तर तेच आहे माझं."

मुलीने प्रश्न पुरा वाचला. आईने उत्तर तेच दिलं. तिच्या आवाजात कंप नव्हता की आवंढा नव्हता. दारावर आलेल्या पाहुण्याला "या, बसा" म्हणावं इतक्या सहज ती बोलत होती.

"अध्यक्षांना काही निरोप द्यायचाय?"

"तब्येतीला जपा म्हणावं," आई म्हणाली. "फार दगदग असते त्यांना."

थोरलीने ते पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये ती फट शोधत होती. अर्धा सेकंद, एखादा श्वास, काहीही. या जगात एका माणसाच्या मनातलं तिला अगदी पक्कं माहीत होतं. बाकी एकशे नव्याण्णवांच्या बाबतीत तिने आपल्या मनाने अंदाज बांधले होते. कुणी गॅस बंद करायला थांबला असेल, कुणाला ठसका लागला असेल, कुणी खरंच विचार करून समाधानी ठरला असेल. आणि जिच्या पोटात वीस महिने आग होती, ती प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी झाली होती.

"अडलं काय?" मोजपट्टीने लांबूनच विचारलं.

"नाही. जुळतं."

तिने 'जुळतं' असं लिहिलं. विरामाच्या रकान्यात शून्य लिहिलं. वहीत आईची रेघ समाधानी लोकांत ओढली, कारण तिच्याच नियमाप्रमाणे ती तिथे बसत होती.

घरी पोचली तेव्हा आई मटार सोलत बसली होती. "किती?" तिने मान वर न करता विचारलं.

थोरलीने चपला काढल्या, सरळ लावल्या, ओट्याशी जाऊन पाणी प्यायली. वाटेत तिने तीन वेगवेगळी वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आता आठवेना. कॅलेंडरवरचा आजचा चौकोन रिकामा होता आणि पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला लटकत होती.

"एकोणपन्नास," ती म्हणाली.

आईच्या हातातून शेंग गळून पडली. मटाराचे दाणे फरशीवर पळाले आणि दोघींपैकी कुणी ते उचलले नाहीत. आई गुडघ्यावर हात टेकत उठली, कॅलेंडरपाशी गेली, आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला. मग पाठमोरीच उभी राहून रडली. बऱ्याच वेळाने डोळे पुसत म्हणाली, "बोलतायत गं लोक. मी उगाच शिव्या देत होते."

थोरलीने मटार गोळा करायला घेतले.

"एक सांगू? रागावू नकोस," आई म्हणाली. "मंगळवारी मला फोन आला होता. तुमच्याच हापिसातला. मी आपलं चांगलंच सांगितलं हो त्यांच्याबद्दल. भरभरून सांगितलं. म्हटलं, इतके सगळे खरं सांगतायत, थोरली दर गुरुवारी आकडा आणतेच आहे, मग माझ्या एकटीच्या बोलण्याने असा काय फरक पडणार? उलट तिकडे आत धाकट्याला कुणी त्रास दिला तर? दुधाने तोंड पोळलंय आपलं."

"बरं केलंस."

"त्यांनी मुलं किती म्हणून विचारलं..." आईचं बोलणं तिथेच राहिलं. तिने पदर तोंडाला लावला. घड्याळ टिकटिकत राहिलं आणि थोरली नकळत मोजू लागली. चार. पाच. सहा. सवयच ती. नऊवर आई म्हणाली, "सांगितलं खरं ते."

"बरं केलंस, आई," थोरली पुन्हा म्हणाली. कपाटाखाली गेलेला शेवटचा दाणा तिने बोटाने ओढून बाहेर काढला आणि वाडग्यात टाकला.

आई तिच्याजवळ येऊन फरशीवर बसली. तिचा चेहरा उजळला होता; गेल्या दीड वर्षात तो इतका तरुण दिसला नव्हता. तिने थोरलीच्या हातावर हात ठेवला.

"तुला आला असता तो फोन, तर तू काय म्हणाली असतीस गं?"

"मी? मी खरं तेच सांगितलं असतं," थोरली लगेच म्हणाली.