वळणापलीकडचे पाणी

मित्रांनो, ज्याच्या हाती चाक असते त्याला वाट आपलीच वाटू लागते. पुढे चालून वाट दाखविणाऱ्याचा मग विसर पडतो, आणि त्या विस्मरणाचे फळ बहुधा तिसऱ्याच जिवाला भोगावे लागते.

मी एक जुनी जीप आहे. दोघा भावांनी मला हौसेने घरी आणले. खडकाळ वाटांवर त्यांची एक रीत होती. थोरला माझ्यापुढे उलट्या पावली चाले आणि चाक कोठे टाकायचे ते तळहाताने दाखवी. धाकट्याने दगडांकडे पाहायचे नाही, केवळ त्या तळहाताकडे पाहायचे. लोक माझे कौतुक करीत. मी मनात म्हणे, पुण्याई त्या तळहाताची आहे.

त्यांच्या आईला डोंगराआडचा धबधबा पुन्हा पाहायचा होता. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तिने तो पाहिला होता. आता गुडघे थकले होते. भरवसा माझाच होता.

शेवटच्या वळणाआधी थोरला ओरडला, "डावीकडे घे! अरे, हाताकडे बघ माझ्या!"

"दिसतंय मला. दर वेळी काय शिकवतोस, दादा?"

"एकदा शिकला असतास तर कशाला शिकवलं असतं!"

मागे बसलेली आई हसली. "भांडा, भांडा. तोवर धबधबा आटेल."

धाकट्याला ते हसू झोंबले. त्याने तळहातावरची नजर काढली आणि मला उजवीकडच्या शिळेवर घातले. माझे पोट आपटले, इंजिनाचे तेल खडकावरून वाहू लागले.

वळणापलीकडे पाणी कोसळत होते. त्याचे तुषार आईच्या गालांवर येत होते. मुलगे तिला उचलून न्यायला सरसावले.

"नको रे, शेवाळ आहे. एकाचा पाय घसरला तर दोघंही जाल. आवाज ऐकला ना, पुरे. गाडी नीट झाली की येऊ."

मला दोराने ओढून परत आणले. मी नीट होण्याआधीच ती गेली.

तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मी पत्र्याच्या आडोशाला उभी असते. थोरला कधी येऊन माझी धूळ पुसतो. धाकटा निराळ्या दिवशी येतो, चाक धरून बसतो आणि समोर पाहत राहतो. समोर कोणीही नसते.

मित्रांनो, माझा गंज खरवडता येईल. पण तुमच्यापुढे उलट्या पावली चालणारा कोणी असेल, तर तो आहे तोवर त्याच्या हाताकडे पाहा.

त्या दोघांचे कल्याण असो. कधीतरी एकाच दिवशी त्यांची पावले माझ्याकडे वळोत. आणि त्या माउलीला, ती असेल तेथे, त्या पाण्याचे दर्शन घडो.