दादाचं लाल पाणी

आमच्या दादाने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर बांधायला घेतला, तोही पाण्याने थंड होणारा. ज्याला नळाचा वायसर बदलता येत नाही, बादली भरताना जो अर्धा पॅसेज ओला करतो, त्याने विजेच्या यंत्रातून पाणी फिरवायचं ठरवलं, आणि घरात कुणालाही हसू आलं नाही. हसले ती मी एकटी, आणि बोलणीही मलाच बसली.

"तो काहीतरी घडवतोय. तू नुसती खेळत बसतेस," बाबा म्हणाले.

आता माझ्या खेळण्याबद्दल. आम्ही पाच जणी संघ करून ऑनलाइन खेळतो. वर्षभर रोज संध्याकाळी सराव केला, आणि येत्या रविवारी दुपारी पात्रता फेरी होती. ती जिंकली की मुख्य स्पर्धा, आणि तिथे मोठे संघ खेळाडू निवडायला येतात. माझ्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड, ज्याच्याशिवाय असले खेळ पळतच नाहीत, मी कॉलेजच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून मिळवलं होतं. त्या घरात कुणीही न देता माझी झालेली तेवढी एकच वस्तू. दादाचं म्हणाल तर तो फोनवर शेती करतो. बोटाने टोमॅटो तोडतो आणि पिकाला पाणी घालतो. एवढ्यासाठी त्याला पंप, रेडिएटर आणि काचेची पेटी हवी होती.

"कार्ड तुझं, मशीन माझं, वापरायचं दोघांनी," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत तयार. रविवारी तू असल्या मशीनवर खेळशील की बघत राहतील सगळे."

मी नाही म्हटलं. मग आई मध्ये पडली. "देऊन टाक ना गं. भाऊच आहे ना तो? हौसेला मोल नसतं." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं अशी म्हण आहे. आमच्या घरी दोन्ही पोरं आपलीच, तरी बाब्या एकच. कार्ड गेलं.

मग सुरू झाला तो तमाशा. जेवणाचं टेबल दादाने बळकावलं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. नळ्या कडक प्लास्टिकच्या, त्या गरम हवेने मऊ करून वाकवायच्या आणि प्रत्येक वळण काटकोनात हवं. दादाने शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक शोधून काढला. एक वळण जरा तिरकं झालं की नळी कोपऱ्यात फेकायचा. घरभर जळका वास. शेवटी एक काटकोन असा साधला की त्याचा फोटो काढून त्याने सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

मदतीला होता त्याचा मित्र. त्याला मी उंटावरचा म्हणते, कारण तो शहाणपण देतो ते सोफ्यावर मांडी घालूनच. या विषयावरचे झाडून सगळे व्हिडिओ त्याने पाहिलेत, आयुष्यात स्क्रू मात्र एकही पिळलेला नाही. त्याच्याच सल्ल्याने दादाने माझ्या कार्डाचे पंखे उपटून काढले आणि त्या जागी आतून पाणी फिरणारा तांब्याचा ब्लॉक बसवला. पंख्यांखालच्या उष्णता ओढून घेणाऱ्या पट्ट्या फाटल्या, पंखे पुन्हा बसवण्यासारखे राहिले नाहीत. म्हणजे कार्ड परत मागायची सोयही संपली.

पंपाच्या खोक्यात सूचनांचा कागद होता. तो वाचला मी. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आधी साधं पाणी भरा, वीज फक्त पंपाला द्या, खाली टिश्यू पेपर अंथरा, आणि दिवसभर कुठे गळतंय का बघत बसा. मगच बाकीच्या भागांना वीज जोडा. दादाला मी तो कागद दाखवला.

"साधं पाणी एकदा फिरवलं की नळ्यांत थेंब राहतात," तो म्हणाला. "मग लाल पाणी चढताना रंग स्वच्छ दिसत नाही. पहिली भर एकदाच होते. ती शूट करायचीय."

"आणि गळलं तर?"

"मी बसवलंय ते."

"हेच तर म्हणतेय मी."

उंटावरचा सोफ्यावरून म्हणाला, "व्हिडिओत लाइट पण हवेत. नाहीतर मजा नाही. सगळं चालू ठेव."

शनिवारी दुपारी सगळं घर टेबलाभोवती जमलं. आपण व्हिडिओत दिसणार म्हणून आई साडी बदलून आली. बाबांनी केस विंचरले. उंटावरच्याने फोन आडवा धरला. दादाने टाकीत लाल पाणी ओतलं, पंप घुरघुरला आणि रंग नळ्यांतून चढू लागला. काटकोनात वळला, पुढे गेला, पुन्हा वळला. "अगं बाई, किती छान!" आई म्हणाली. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू?

पण माझी नजर माझ्या कार्डावर होती. नळी जिथे ब्लॉकला जोडली होती तिथली रबरी रिंग एका बाजूने बाहेर डोकावत होती. तिच्याखाली एक लाल थेंब धरला आणि फुगत गेला.

"दादा, थांब! बंद कर!"

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. हात वर करून मला गप्प केलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "श्श्! रेकॉर्डिंग चालू आहे."

बाबांनी माझा दंड धरला. तो सोडवून मी प्लग ओढला तोवर थेंब खाली गेला होता, त्याच्यामागून आणखी चार गेले होते, आणि एक बारीकसा कडवट वास आला होता. बाकी सगळं वाचलं. मेलं ते फक्त माझं कार्ड. मेल्याने निदान माझ्याकडे बघायला हवं होतं. दादा आधी फोन बघायला गेला, शूट नीट झालंय का ते.

रविवारी मी गेमिंग कॅफेत जाऊन खेळले. चिकट कीबोर्ड आणि हेडफोनचा उजवा कान मुका. दुसरा हेडफोन मागितला तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "एक कान चालतोय की!" निर्णायक डावात आमच्यातल्या दोघीच उरल्या होत्या, त्यातली एक मी. मी दार धरून बसले होते आणि पावलांचा कानोसा घेत होते. शत्रू उजवीकडून आला. मला काही ऐकू आलं नाही. आम्ही हरलो. आमची कॅप्टन म्हणाली, "असू दे गं." पुढच्या आठवड्यात माझ्या जागी दुसरी मुलगी आली. मी कॅप्टनला दोष देत नाही. पण बाथरूमचा नळ सोडून मी भरपूर रडले.

इकडे दादाने नवी रिंग घातली, पुन्हा पाणी भरलं आणि ती पेटी दिवाणखान्यात मांडली. कार्ड आतच. टोमॅटो तोडायला त्याला कार्ड लागतच नव्हतं. माझं ओरडणं कापून टाकलेला व्हिडिओ भरपूर लोकांनी पाहिला. मी कार्ड परत मागितलं.

"आता काढलं तर नळ्यांचा लूप अर्धवट दिसेल," तो म्हणाला. "आणि तसंही मेलंच आहे ना ते?"

मग मावशी आणि काका यंत्र बघायला आले. चहाचे कप हातात घेऊन दोघं काचेसमोर उभे राहिले. टाकीवरच्या छोट्या तापमापकावर बोट ठेवून दादा म्हणाला, "बघा काका, कार्ड किती थंड राहतंय. अजिबात चढत नाही."

"मढ्याला ताप चढत नसतो," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. मावशीने विचारलं, "म्हणजे काय गं?"

मी सांगत बसले नाही. आधी प्लग काढला, मी काही दादा नाही. मग काच सरकवली. पाणी काढून टाकायला त्या पेटीला तोटीच नव्हती, कारण तोटी शोभत नाही. म्हणून मी कार्डाला जोडलेली नळी धरली आणि ओढली. तीच, नातेवाइकांना फोटो पाठवलेली. ती कटकन मोडली. लाल पाणी पेटीतून, स्टुलावरून गालिच्यावर आलं. मावशीने पाय वर घेतले. "अगं, त्याची मेहनत!" आई ओरडली. मी स्क्रू काढले, कार्ड ब्लॉकसकट उचललं आणि ओढणीने पुसलं.

दादा खाली बसला होता. नळीचे दोन तुकडे तळहातावर घेऊन तो ते एकमेकांना जुळवून बघत होता.

"सगळ्यात चांगला काटकोन होता हा," तो म्हणाला. "तुला कसं गं काहीच वाटत नाही?"

म्हणजे स्वतःची वस्तू मोडली की काय वाटतं, ते त्याला नीट कळत होतं. मी आपली इतके दिवस समजत होते की बिचाऱ्याला कळतच नाही.