टोनच्या डब्यातली गाणी

टेपेच्या कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं: ‘पुसली.’ खाली तारीख आणि मास्तरांची सही. मी कार्ड काउंटरवर फिरवून काकांपुढे धरलं आणि म्हटलं, “हे बघा. नाही म्हणजे नाही.”

रेकॉर्ड कंपनीच्या टेपांच्या कोठारात मी सव्वीस वर्षं काढली आहेत, आणि माझं तोंड फटकळ आहे हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. कधीच बाजारात न आलेली गाणी शोधत येणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. बहुतेकांना चारचौघांत भाव खायचा असतो. हे काका तसले नव्हते. तरुणपणी ते एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. चौघांनी मिळून चार गाणी रेकॉर्ड केली, ती खपणार नाहीत म्हणून कंपनीने दाबून ठेवली, आणि बँड फुटला.

“मी स्वतःसुद्धा ती कधी ऐकली नाहीत,” काका म्हणाले. “उजवा कान गेलाय. डावा वर्षअखेरपर्यंत जाईल म्हणतात डॉक्टर. त्याआधी एकदा ऐकायची होती, बाई. बाकी काही नको.”

मी त्यांचा नंबर लिहून घेतला, आणि ते गेल्यावर उगाचच शिपायावर खेकसले.

मास्तर म्हणजे आमचे जुने रेकॉर्डिस्ट. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्या काळी कोऱ्या टेपांची कायम टंचाई, म्हणून न खपणारी रेकॉर्डिंगं पुसून त्याच टेपा पुन्हा वापरायचा वरून हुकूम असे. पुसायचं काम मास्तरांकडे. इतका मायाळू माणूस हे करू तरी कसा शकला, याचा माझ्या मनात कायम राग होता. तोंडावर कधी बोलले नाही एवढंच.

पुढच्या आठवड्यात कोठार लहान जागेत हलवायचं होतं. ज्यात गाणी नाहीत त्या टेपा भंगारात काढायच्या होत्या, आणि त्यात पहिला नंबर टोनच्या डब्यांचा. टोन म्हणजे मशीन जुळवायला लागणारी एकसुरी शिट्टी. ती कुणी हौसेने ऐकत नाही, आणि कुणी पुसतही नाही, कारण ती गेली तर काम अडतं. मी एक डबा उचलला आणि वजनाने हात खाली गेला. टोनला दोन मिनिटांची टेप पुरते. हे रीळ काठोकाठ भरलेलं होतं. झाकणावर मास्तरांचं अक्षर: ‘टोन. पुसू नये.’ तारीख कार्डावरचीच.

मी तिथेच स्टुलावर बसले. “अहो मास्तर,” मी मोठ्याने म्हणाले, “चुकलं हो माझं.” शिपायाला वाटलं, बाई कामातून गेल्या.

इतकी जुनी टेप तशीच लावली तर चिकटते आणि तिच्यावरचा थर सोलून निघतो. आधी ती मंद उष्णतेवर आठ तास शेकावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ओव्हनपुढे ठाण मांडून बसले, जेवायलाही उठले नाही. संध्याकाळी काकांना बोलावून घेतलं आणि मास्तरांचा डबा दाखवला.

पहिलं अर्धं मिनिट नुसती शिट्टी. काकांचा चेहरा पडला. मग कुणीतरी काठ्या आपटून चार मोजले, आणि चौघं एकदम सुटले.

काका डावा कान स्पीकरला लावून बसले होते. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या कपाळावर आठी चढली. “थांबवा. मागे घ्या.” पुन्हा ऐकलं. “बाई, यात तालाच्या पुढे पळतंय कोण?”

“ड्रम,” मी म्हणाले. विचारलं तर मी सांगते.

“बँड यावरूनच फुटला,” काका म्हणाले. “बेस गिटारवाला म्हणायचा तू पळतोस, मी म्हणायचो तू रेंगाळतोस. त्या भांडणानंतर आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.” बेसवाला टेपवर खुंटा ठोकल्यासारखा जागच्या जागी होता.

मला वाटलं, आता हे रडतील. ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “केवढे उपकार तुमच्या मास्तरांचे! आणि टेप पुसली म्हणून मी त्यांना भर रस्त्यात कसाई म्हणालो होतो. ऐकून घेतलं त्यांनी, एक अक्षर बोलले नाहीत.”

“बोलले असते तर टेप गेली असती,” मी म्हणाले. मलाही भरून आलं होतं, लपवत नाही.

काकांनी फोन काढून स्पीकरवर टाकला. बेसवाल्याचा नंबर त्यांच्याकडे होता, लावला मात्र कधी नव्हता.

“मी बोलतोय. ऐक. तुझं बरोबर होतं. मीच पळत होतो.”

पलीकडून एक म्हातारा आवाज आला, “ओरडतोस कशाला? मी काही बहिरा नाही.”

“मी होतोय. म्हणून म्हणतो, लगेच ये. तीन गाणी राहिलीत. तुझ्याशिवाय लावायची नाहीत.”

“पत्ता सांग,” तिकडून आलं.

काकांनी डोळे पुसत फोन माझ्या हातात दिला. पत्ता मी सांगितला, दोनदा सांगितला, आणि स्पीकरपुढे आणखी एक खुर्ची ओढली.