मी पिनीने उघडत नाही

मी कुलूप बोलतोय. व्याकरणाच्या पुस्तकात मी 'ते' आहे, हे मला ठाऊक आहे. कुणाची तक्रार असेल तर लेखी द्यावी. पण एक गोष्ट मी तोंडीच आणि आत्ताच सांगून टाकतो. 'कुमारी चौकशी' नावाच्या सिनेमात अकरा वर्षांची एक मुलगी केसातली पिन काढते आणि मला तीन सेकंदांत उघडते, असं तुम्ही पाहिलं असेल. ते खोटं आहे. मी त्या दिवशी उघडलो नाही, त्याआधी कधी पिनीने उघडलो नव्हतो आणि यापुढेही उघडणार नाही.

माझा जन्म अलीगढचा. पोटात सात पत्त्या, म्हणजे सात लिव्हर, अंगावर पितळी झाकण. चाळीस भावंडांबरोबर एका पोत्यात बसून मी नगरला आलो आणि माळीवाड्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात दोन वर्षं खिळ्यांच्या डब्यावर पडून राहिलो. गिऱ्हाईक मला हातात घ्यायचं, 'लई जड हाय' म्हणायचं आणि शेजारचं हलकं कुलूप घेऊन जायचं. कुलूप आपल्याला पेलायचं नसून दाराला पेलायचं आहे, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

मला उचललं ते यशयाने. तेव्हा तो पंचविशीत होता आणि खर्ड्याजवळच्या एका लहान गावातल्या चर्चची राखण करायचा. दुकानदाराने विचारलं, आत काय ठेवायचंय? यशया म्हणाला, पेटी. दुकानदाराला दागिन्यांची पेटी वाटली आणि त्याने अदबीने मला कागदात गुंडाळून दिलं. यशयाला वाजवायची पेटी म्हणायचं होतं.

चर्चच्या व्हरांड्यात उजव्या हाताला एक खोली आहे. तिच्यात नाताळचं सामान असतं. कागदी तारा, गव्हाणी, नाकं उडालेले तीन मेंढपाळ आणि ती पेटी. रविवारच्या उपासनेला आता कॅसिओ वाजतो, पण नाताळच्या आठवड्यात घरोघर गाणी म्हणत फिरायला गळ्यात अडकवतात ती हीच. तिचा भाता एकदा फाटला, तेव्हा यशयाने शाळेच्या जुन्या दप्तराचं निळं रेक्झिन कापून त्याला ठिगळ लावलं. ठिगळ इतकं विजोड, की आंधळ्यालाही दिसावं. पेटी मात्र त्यानंतर एकदाही धापली नाही.

त्या दाराच्या कडीला मी चाळीस वर्षं लटकलो आहे. दार उघडायचं वर्षातून एकदा, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. पण यशया दर महिन्याला येऊन मला शिवणयंत्राचं तेल घालायचा, फडक्याने पुसायचा आणि न उघडताच जायचा. किल्ली एकच, ती त्याच्या कमरेला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, बायको गेली, पण किल्ली कमरेवरून हलली नाही. एवढा विश्वास माणसं सहसा एकमेकांवर टाकत नाहीत, म्हणून तर आमची जात जन्माला आली.

गेल्या जानेवारीत सिनेमावाले आले. खर्ड्याच्या किल्ल्यातून एक मूर्ती नाहीशी होते, गावातला एक ढोंगी गायनमास्तर ती चोरतो आणि एक लहान मुलगी त्याला पकडते, अशी त्यांची गोष्ट. पुण्याहून आणलेल्या मुलीला दुसऱ्याच दिवशी कांजिण्या आल्या. मग आमच्या शाळेतली ग्लोरिया घेतली. तिने दिग्दर्शकाला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले होते. मास्तर ज्या गुणाबद्दल तिला बाकावर उभं करायचे, त्याच गुणावर तिला हिरॉईन केलं.

सॅम्युएल सर म्हणजे चर्चचे सेक्रेटरी. निवृत्त मास्तर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांना पोलीस पाटलाचं काम मिळालं. संवाद नव्हता, नुसतं गायनमास्तराच्या खोलीत उभं राहून मिशीवरून हात फिरवायचा. एवढ्या आनंदात माणूस काय वाटेल ते बोलून जातो. सर माझ्यासमोर उभे राहून सिनेमाच्या सामानवाल्या हर्षलला म्हणाले, "काय लागेल ते घ्या. आपलंच चर्च आहे." हे वाक्य मी ऐकलं आहे. सर पुढे विसरले.

यशया त्या आठवड्यात गावात नव्हता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो नगरच्या सावेडी भागात मेरीकडे, आपल्या मुलीकडे, गेला होता. किल्ली अर्थातच कमरेला.

दिग्दर्शकाला माझा चेहरा आवडला. ग्लोरियाने पिन माझ्या पोटात घातली, फिरवली, पुन्हा फिरवली. पिन वाकली. दुसरी वाकली. चौथ्या पिनीनंतर ती म्हणाली, "सर, हे उघडत न्हाई."

"उघडायचं नाही बाळा, उघडल्यासारखं करायचं," दिग्दर्शक म्हणाला.

अकरा वेळा तोच प्रकार झाला. शेवटी त्यांनी बाजारातलं एक हलकं कुलूप आणलं, ते उघडंच अडकवलं आणि जवळून त्याचं चित्र घेतलं. पडद्यावर चेहरा माझा आहे आणि बेअब्रू त्याची. पण लोकांनी दोन्ही माझ्याच नावावर मांडलं.

त्याच दुपारी गायनमास्तराच्या खोलीत ठेवायला पेटी हवी झाली. हर्षलने खिडकीतून आत पाहिलं, पेटी दिसली. किल्लीवाला नाही म्हटल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर काढला आणि चौकटीवरच्या कोयंड्याचे चारही स्क्रू सोडवले. मी मिटलेलाच होतो. कडी आणि कोयंडा दोन्ही घट्ट धरून होतो, आणि दार उघडलं. माणसं कुलूप पारखून घेतात, ठोकून बघतात, आणि कोयंडा मात्र हलणारा दुधाचा दात पाडावा तितक्या सहज निघेल असा बसवतात. माझ्यावर वार झाला असता तर मी झेलला असता. इथे मला कुणी विचारलंच नाही. काम होताच त्याने कोयंडा पुन्हा बसवला. पेटी सीन संपल्यावर बाकीच्या सामानाबरोबर टेम्पोत गेली. यात चोरी कुणाच्या मनात नव्हती. हलगर्जीपणा होता, आणि तो चोरीपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण त्याला पकडायला कुणी जात नाही.

नोव्हेंबरात चर्चच्या अंगणात पांढरा कपडा बांधून सिनेमा दाखवला. सारं गाव लोटलं. मी व्हरांड्यातून पाहत होतो, त्यामुळे पडदाही दिसत होता आणि माणसंही. खरं सांगतो, सिनेमा कुणीच पाहिला नाही. जो तो गर्दीत स्वतःला शोधत होता. 'तो बघ मी', 'माझी शाल दिसली का', 'आमची म्हैस गेली बघ'. मला पिनीने उघडल्याचं दृश्य आलं तेव्हा टाळ्या पडल्या. फक्त यशया उठून उभा राहिला. त्याची सावली पडद्यावर पडली, लोक खाली बस म्हणून ओरडले. तो "न्हाई" एवढंच म्हणाला आणि बसला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी यशयाने चर्चच्या पंचांसमोर मला किल्लीने उघडलं. तारा होता, गव्हाणी होती, मेंढपाळ होते. पेटी नव्हती.

मग व्हरांड्यात सभा भरली. निम्मी मंडळी पायऱ्यांवर उभी होती. सॅम्युएल सरांचा सूर सुरुवातीला मवाळ होता. ते म्हणाले, एवढं ताणायचं कारण नाही, कुणा पोराने सिनेमा पाहून पिनीने उघडलं असेल, तसं लिहून टाकू आणि विषय मिटवू. यशयाला सुटायला वाट करून दिली होती. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं.

यशया म्हणाला, "ह्ये पिनीनं उघडत न्हाई, सर. चाळीस वर्सं वळखतो मी त्याला."

"मग यशयामामा, किल्ली तर तुमच्याकडेच होती."

"व्हय. माझ्याकडंच हुती."

"म्हणजे मग काय समजायचं आम्ही?"

सरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. यशयाने कमरेची गाठ सोडली. वय झालेल्या बोटांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळी मंडळी पाहत राहिली. मागून कुणीतरी 'चोर' असं हळूच म्हणालं. हळू बोललेलं जास्त लांब जातं.

त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी पिन घालावी आणि मी उघडावं. माझी अब्रू गेली असती, यशया सुटला असता. पण तो सुटला असता खोट्यावर, आणि तेच त्याने एवढ्या लोकांसमोर नाकारलं होतं. माझ्यासाठी खरं बोलून तो चोर ठरला होता. आता मी खोटं वागलो असतो तर त्याला कुणीच उरलं नसतं. मी पत्त्या आवळून बसलो.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर ग्लोरिया आली. पिन घातली, नेहमीसारखी वाकली. तिने मान हलवली, जणू एवढंच पक्कं करायचं होतं. मग ती माझ्याकडे बघायची सोडून कोयंड्याकडे बघू लागली. चाळीस वर्षांच्या गंजलेल्या लोखंडात चार स्क्रूंच्या खाचा चकचकत होत्या, भोवतीचा रंग उडाला होता. ती निघून गेली. सिनेमात या ठिकाणी वाद्यं वाजली असती.

रविवारी उपासनेनंतर मंडळी व्हरांड्यात आली तेव्हा ती सॅम्युएल सरांना म्हणाली, "सर, तुमचा सीन दाखवा ना."

सरांना दोनदा विनवावं लागत नाही. महिनाभर तो सीन त्यांच्या मोबाईलच्या स्टेटसवर होता. त्यांनी फोन पुढे धरला, चार डोकी वाकली.

"थांबवा. सर, तुमच्या कोपराच्या मागं काय हाय?"

"कोपर कशाला बघतेस? चेहरा बघ."

"चेहरा बघितलाय, सर. मागं निळं काय हाय ते?"

सरांनी बोटांनी चित्र मोठं केलं. पडद्यावर गावाने पाहिलेली, सरांनी शंभर लोकांना पाठवलेली, आमची पेटी तिथे होती. भात्याला निळं ठिगळ. ग्लोरिया म्हणाली, शूटिंगच्या आठवड्यात यशयाबाबा सावेडीला होते, किल्लीही तिकडेच होती. मग तिने सगळ्यांना कोयंड्याचे स्क्रू दाखवले. "कुलूप उघडलंच न्हाई कुणी. बाजूनं गेले."

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी तिथूनच हर्षलला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तो बिचारा मोकळ्या मनाने म्हणाला, "आहे की पेटी, गोडाऊनला आहे. परत द्यायची राहून गेली. तुमच्या त्या मिशीवाल्या सरांनीच सांगितलं होतं ना, काय लागेल ते घ्या म्हणून."

सरांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

पुढचं मला व्हरांड्यातल्या बोलण्यातून कळलं. पेटी चार दिवसांत आली. सर संध्याकाळी किल्ली आणि डझनभर केळी घेऊन यशयाच्या घरी गेले. यशयाने चहा पाजला, केळी ठेवून घेतली आणि किल्ली परत पाठवली. मंडळीसमोर घेतली, मंडळीसमोर द्या, म्हणाला.

पुढच्या रविवारी चर्चचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. सर उभे राहिले आणि त्यांनी कागद वाचला. "काही गैरसमजातून उद्भवलेल्या परिस्थितीबद्दल चर्चच्या वतीने खेद व्यक्त करण्यात येत आहे."

यशया जागेवरूनच म्हणाला, "सर, कोन व्यक्त करतंय?"

कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"मी करतोय," सर म्हणाले. "सामान घ्या म्हणून मी सांगितलं आणि चोर तुम्हाला म्हटलं. चुकलं माझं, यशयामामा."

"व्हय. आता द्या किल्ली."

पेटी आता खोलीत ठेवत नाहीत. दर रविवारी वाजते. ग्लोरिया वाजवायला शिकते आहे. माझ्या मागे उरलेत ते कागदी तारा, गव्हाणी आणि बिननाकाचे तीन मेंढपाळ. कुणी म्हणालं, एवढ्यासाठी एवढं मोठं कुलूप कशाला? यशयाने कोयंडा बदलला. आता तो आरपार बोल्टाने बसवला आहे, आतून नट आवळून.

मी पिनीने उघडत नाही, म्हणजे किल्ली ज्याच्याकडे त्याच्यावाचून मला कुणी उघडू शकत नाही. याच एका गोष्टीने यशयाला चोर ठरवलं होतं. तीच आज त्याची अब्रू आहे, आणि ती माझ्या सात पत्त्यांवर उभी आहे. तेव्हा माझ्याकडून सैल वागण्याची अपेक्षा कुणी धरू नये.

किल्ला बघायला आलेली पोरं हल्ली वाट वाकडी करून इकडे येतात. जामखेडची येतात, परवा सावेडीच्या शाळेची एक अख्खी सहल आली. प्रत्येकाच्या हातात पिन. यशया कुणाला हाकलत नाही. बाजूला खुर्ची टाकून बसतो, "घाल बाळा, बघ," म्हणतो, आणि वाकलेली पिन मागून घेऊन तेलाच्या रिकाम्या डबीत टाकतो. तुम्हालाही सिनेमावर विश्वास असेल तर जरूर या. डबीत अजून जागा आहे.