माझ्यावरचं बारावं वर्तुळ

मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला वर्ग आठवेल, आणि वर्गाच्या मागोमाग गृहपाठही आठवेल. घाबरू नका. मी एक जुना फळा आहे खरा, पण माझ्यावर आजवर कोणी एकही गणित सोडवलेलं नाही. मी एका फुटबॉल क्लबाच्या कपडे बदलायच्या खोलीत राहतो.

आधी मी दार होतो. क्लबाची जुनी खोली पाडली तेव्हा सुताराने तिथलं दार रंधा मारून गुळगुळीत केलं आणि त्याला काळा रंग दिला. कडीचं भोक बुजवायचं तो विसरला. ते अजून माझ्या उजव्या कडेला आहे. मग रंगाऱ्याने माझ्यावर पांढऱ्या रंगाने मैदान आखलं. मधलं वर्तुळ त्याने डब्याचं झाकण ठेवून काढलं, ते छान आलं. गोलपोस्ट मात्र नुसत्या अंदाजाने काढले, त्यामुळे डावीकडचा उजवीकडच्यापेक्षा चार बोटं मोठा झाला. हरलेले खेळाडू अजून त्याचंच निमित्त सांगतात.

मला कामाला लावलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे क्लबाचे जुने मॅनेजर. विसाव्या वर्षीच गुडघा निकामी झाल्यामुळे ते कधी मोठे खेळाडू होऊ शकले नाहीत, पण शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते माझ्यावर अकरा वर्तुळं काढत, प्रत्येकात एकेकाचा नंबर घालत आणि खडू खेळाडूंच्या हातात देत.

"आपला बाण आपणच काढायचा," ते म्हणत. कोणी कुठे धावायचं ते ज्याचं त्याने काढून दाखवायचं. त्याने काढलं की मास्तर एवढंच विचारत, "का?" त्या एका शब्दाने भल्याभल्यांना घाम फुटायचा.

माझ्या दुसऱ्या मोठ्या वाचक म्हणजे मावशी. त्या क्लबाच्या जर्स्या धुतात. मॅचच्या सकाळी त्या माझ्यासमोर उभ्या राहतात, माझ्यावरचे नंबर वाचतात आणि त्याच क्रमाने अकरा जर्स्या खुंट्यांना अडकवतात. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक मोजासुद्धा हरवलेला नाही.

आणि मग आला भिंगरी. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पायात बॉल आला की गर्रकन असा फिरायचा की समोरचा खेळाडू उगीच दुसरीकडेच पळत सुटायचा. म्हणून त्याचं नाव भिंगरी पडलं. त्याला दहा नंबर मिळाला. मास्तरांनी त्यालाही खडू दिला. त्याने मधल्या वर्तुळाच्या जरा पुढे एक ठिपका दिला आणि म्हणाला, "मी इथे असेन. मग बघू."

मास्तर मोठ्याने हसले. त्यांनी भिंगरीला "का?" असं कधी विचारलं नाही. विचारणार तरी काय? बॉल तिथे पोहोचायचा आणि पुढच्या क्षणी गोल झालेला असायचा. तेरा वर्षं लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तो निवृत्त झाला तेव्हा क्लबाने त्याची जर्सी बाहेरच्या पॅसेजमध्ये काचेच्या कपाटात टांगली आणि ठरवलं, दहा नंबर आता कोणालाही द्यायचा नाही. त्या दिवशी मलाही भरून आलं होतं.

पुढे मास्तर थकले. नवे मॅनेजर आले आणि आपल्याबरोबर भलामोठा पडदा घेऊन आले. त्यावर माणसं आपोआप पळायची. माझी रवानगी अडगळीत झाली. फाटक्या जाळ्यांमागे भिंतीकडे तोंड करून मी चार वर्षं उभा होतो. कोळ्यांनी माझ्या कडीच्या भोकात संसार थाटला. मी आशेवर पाणी सोडलं होतं.

एके दिवशी ओळखीचा आवाज आला. "माझा फळा कुठाय?"

भिंगरी क्लबाचा मॅनेजर होऊन परत आला होता! त्याने मला स्वतः उचलून आणलं, स्वतः पुसलं. मित्रांनो, एवढा मोठा खेळाडू माझ्या कोपऱ्यातली धूळ नखाने काढत होता. मी तर हवेत तरंगत होतो.

पण आम्ही हरू लागलो. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. मैदानाची निगा राखणारे माळीबुवा दारात उभे राहून म्हणाले, "खेळायचं वेगळं आणि खेळवून घ्यायचं वेगळं. उगाच आणलं त्याला. आहे ते नावही जाईल." मावशी त्यांच्यावर अशा भडकल्या की बुवांनी पाइप उचलून पळ काढला.

खरं काय ते मला दिसत होतं. भिंगरी माझ्यावर भराभर बाण काढायचा. "इथून बॉल घ्यायचा, इकडे द्यायचा, झालं! त्यात काय अवघड आहे?" पण त्याचे सगळे बाण मधल्या वर्तुळाच्या जरा पुढे जाऊन थांबायचे. तिथे कोणीच नसायचं. मैदानात पोरं बॉल तिथेच मारायची आणि समोरचे तो आरामात घेऊन जायचे. मला हे समजत होतं, पण फळ्याला तोंड कुठे असतं?

हंगामातल्या शेवटच्या मॅचचा दिवस उजाडला. हरलो तर क्लब खालच्या गटात घसरणार होता आणि भिंगरीला क्लब सोडावा लागणार होता. कमिटीने तसं स्पष्ट सांगितलं होतं. बरोबरी झाली तरी निभावणार होतं. भिंगरी सगळ्यांच्या आधी आला, माझ्यावर नीट सगळी वर्तुळं काढली, नंबर घातले, बाण काढले आणि बाकावर बसून राहिला.

मावशी टोपली घेऊन आल्या. एकेक नंबर वाचत जर्स्या अडकवू लागल्या. मध्येच थांबल्या. टोपलीत हात घातला, मग ती उलटी केली.

"अगं बाई, एक जर्सी कमी आहे! आज नेमकी कशी हरवली?"

"कितवी?" भिंगरीने विचारलं.

"दहा नंबर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वळून बाहेरच्या पॅसेजकडे पाहिलं. मग हळूच बोलल्या, "अरे बाळा, दहा नंबर तर बाहेर काचेत आहे. काढून आणू का? घालतोस?"

भिंगरी उठला. बोट ठेवून त्याने वर्तुळं मोजली. बारा होती. मधल्या वर्तुळाच्या जरा पुढे, त्या जुन्या ठिपक्याच्या जागी, त्याने नकळत स्वतःलाच उभं केलं होतं.

"मावशी, वर्षभर मी हेच करतोय," तो म्हणाला. "पोरं बॉल मला देतायत, आणि मी बाहेर बाकावर बसलोय."

त्याने फडकंही घेतलं नाही. तळहातानेच दहा नंबर पुसला. मग सगळे बाणही पुसले, खेळाडूंना आत बोलावलं आणि खडू लंबूच्या हातात दिला. लंबू म्हणजे आमचा ताडमाड, जरा सावकाश धावणारा आघाडीचा खेळाडू.

"तुझा बाण तू काढ."

"मी, दादा?" लंबू चाचरला. "तुम्ही सांगता तसं मला वळता येत नाही हो. पण बॉल उंच आला ना, तर डोक्याने मारण्यात मी कोणाला हार जात नाही."

"मग वर्षभर बोलला का नाहीस?"

"तुम्ही भिंगरी आहात, दादा. तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार?"

खोलीत सगळे माना खाली घालून हसले. भिंगरीही हसला, डोळे पुसत. मग एकेक जण पुढे आला आणि आपला बाण काढत गेला. बाण वाकडे होते, पण आता प्रत्येक बाणाच्या टोकाला कोणीतरी खरंच पोहोचणार होतं. भिंगरी ऐकत होता. सगळ्यांचं झाल्यावर त्याने एकच खूण केली. "लंबू इथे उडी मारेल. पण बॉल त्याच्या उडीच्या आधी निघायला हवा. एक श्वास आधी." हे मास्तरांनाही दिसलं नसतं, मित्रांनो. ते फक्त भिंगरीलाच दिसू शकत होतं.

मॅच मला भिंतीतून ऐकू येते. आधी मैदान एकदम शांत झालं, म्हणजे गोल त्यांचा झाला. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी शेवटी असा गलका उठला की माझ्या फळीवरचा खडू खाली पडून फुटला. लंबूने डोक्याने गोल केला होता. एक एक अशी बरोबरी झाली. क्लब वाचला आणि भिंगरी राहिला.

पुढच्या हंगामात भिंगरीने काचेचं कपाट स्वतः उघडलं. मावशींनी ती जर्सी दोनदा धुतली आणि लंबूच्या खुंटीला अडकवली.

आता कपाट रिकामं आहे. आणि कमिटी म्हणते, फळा जुना झाला, रंग उडाला, याला आता काचेत ठेवूया. त्यांचा माझ्यावर जीव आहे, हे मला कळतं. पण मित्रांनो, माझं एक ऐका. मला ओल्या फडक्याने पुसत जा, वर्षातून एकदा काळा रंग द्या, हवं तर ते भोकही बुजवा. पण काचेत ठेवू नका. जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना जपायचं असेल, तर त्यांना काम द्या.

उद्या मॅच आहे. माझ्यावर अकराच वर्तुळं आहेत आणि त्यांत दहा नंबरही आहे. सकाळी लंबू येईल, खडू उचलेल आणि आपला बाण काढेल. भिंगरी बाजूला उभा राहून त्याला विचारेल, "का?"