शेवटचा नंबर

मुलांच्या नसा-स्नायूंच्या त्या दवाखान्यात पूर्वी नुसता बाजार भरायचा. सकाळचा नंबर दुपारी लागायचा, आईबाप एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, आणि सगळ्यांच्या शिव्या खायला काउंटरवर मावशी! मग तिनंच डोकं लढवलं. रिपोर्ट आदल्या दिवशी येतातच; ज्याचा वाईट, त्याला सगळ्यांत शेवटी घ्यायचं. वाईट बातमी काय पाच मिनिटांत सांगून होते? आई रडते, बाप भांडतो, बाहेर रांग खोळंबते. शेवटी घेतलं की त्यांना रडायला मोकळं रान आणि बाकीचे वेळेवर घरी. "डॉक्टरांना तुमच्याशी निवांत बोलायचंय," असं गोड बोलून बसवायचं. लोक उलट आभार मानायचे. तक्रारी संपल्या, पालक खूश, आणि मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मावशीची पाठ थोपटली.

आज मावशी रजा टाकून काउंटरच्या अलीकडे बसली होती. शेजारी लेक, आणि लेकीच्या मांडीवर नातू, गब्दुल. गब्दुल चालता चालता पडायचा, उठताना गुडघ्यांवर हात टेकायचा. "वेंधळा मेला, आईवर गेलाय," म्हणत मावशीनं दिवस काढले होते. तसली पोरं रोज तिच्या डोळ्यांसमोरून जायची, तरी! आपलं सोडून सगळ्यांचं दिसतं माणसाला.

त्यांचा नंबर दुसरा होता. पहिलं पोर बाहेर आलं, लेक उठली, तेवढ्यात काउंटरवरची पोरगी आली. हिला कामाला मावशीनंच तयार केलेलं. तिनं मावशीकडे पाहिलंच नाही.

"ताई, तुम्हाला शेवटी घेतलं तर चालेल ना? डॉक्टरांना तुमच्याशी निवांत बोलायचंय."

"चालेल की! थँक्यू हं," लेक म्हणाली.

मावशीला वाटलं, आता काळजात धस्स होईल. काही झालं नाही. हातपाय जागच्या जागी होते. समोरच्या भिंतीवर हत्ती रंगवला होता, त्याच्याकडे ती बघत बसली.

"आजीची वट बघ," लेक गब्दुलच्या कानात म्हणाली. "आपलं सगळं स्पेशल!"

मावशी हसली. हसायची सवयच होती.

सांगावं का? आणि कुठल्या तोंडानं? जेवढा वेळ कळत नाही तेवढं सुख, असं तिनं मनाशी म्हटलं. इतकी वर्षं परक्यांच्या लेकींबद्दलही ती हेच म्हणत आली होती, आणि तेव्हा ते पटायचंही.

एकेक करून माणसं गेली. गब्दुल रिकाम्या खुर्च्यांमधून धावला, पडला, खिदळला. लेकीनं नवऱ्याला फोन लावला.

"छे हो, तुम्ही कशाला कामावरून निघताय? शेवटी ठेवलंय म्हणजे साधंच असणार. वाईट असतं तर आधी नसतं का घेतलं?"

"त्यांना बोलावून घे," मावशी म्हणाली.

"कशाला?"

"घे बोलावून. ते येईपर्यंत थांबू. आपल्यामागे कुणी नाही."

फोनमधून हॅलो, हॅलो ऐकू येत राहिलं. लेकीनं आईकडे पाहिलं, मग काउंटरकडे. तिथली पोरगी मान खाली घालून बसली होती.

"आई, तुला माहीत आहे."

"हो."

"कधीपासून?"

"आपल्याला मागे बसवलं तेव्हापासून. वाईट असेल त्याला शेवटीच घेतात. ही पद्धत मीच पाडलीय."

"आणि एवढा वेळ मी हसत होते. तू नुसती बघत बसलीस?"

"हो," मावशी म्हणाली.

लेकीनं फोन कानाला लावला. "या तुम्ही," एवढंच बोलली. मग गब्दुलला उचललं आणि पलीकडच्या भिंतीशी, सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली.