चार बोटं जास्त

मित्रांनो, वारा नसताना एखाद्या खोलीत लोखंड किणकिणलं, तर पळू नका. ती मी असेन! परभणीच्या मोजणी कार्यालयाच्या अडगळीत पस्तीस वर्षं खिळ्यावर लटकलेली, शेत मोजायची साखळी. लांबी तेहेतीस फूट. माझे सोळा भाग, त्यांना आणे म्हणतात. आता आभाळातल्या उपग्रहांशी बोलणारी यंत्रं आली, मला कोण विचारतं? पण माझ्यात एक आवाज अडकलाय.

पूर्णा जंक्शनजवळच्या एका लोहारानं मला घडवलं. "ही ताणंल, पर तुटणार न्हाई," तो म्हणाला. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. वेडी कुठली!

रायभान आधी मला ओढायच्या कामावर होता. पिंगळीपासून जिंतूरपर्यंत काळ्या रानात, पऱ्हाट्यांतून मला ओढता ओढता तो नकाशे वाचायला शिकला, परीक्षा दिली आणि भूकरमापक झाला. कार्यालयाच्या ओट्यावर दोन खुणा कोरल्या होत्या. रोज सकाळी मला त्या खुणांवर ताणून बघायचं, मगच शेतात न्यायचं, असा दंडक.

एका संध्याकाळी बैलगाडीचं चाक माझ्यावरून गेलं. एक कडी उघडली आणि मी चार बोटं लांब झाले. सकाळी जिंतूरची बस सुटायला आली होती. "एक दिवस न्हाई बघितलं तर काय होतंय!" म्हणत रायभाननं मला खांद्यावर टाकलं.

धुरा, म्हणजे बांध, आखायचा होता बजरंग आणि तानुबाईच्या शेतांमधला. कागदोपत्री नाल्याकाठच्या दगडापासून बजरंगचं रान वीस साखळ्या. तानुबाई मेंढरं सोडून पुढं आली. धुऱ्याजवळच्या पांढऱ्या दगडावर तिनं हात ठेवला.

"सायेब, हितं माजी चंदा हाय. तीन वर्साची व्हती. पायातले वाळे बी तिच्यासंगंच हायेत. हे रान आमचंच हाय, नीट बघा."

"मावशी, साखळी खोटं बोलत नाही," रायभान म्हणाला.

मी ओरडले! पण साखळीचं ओरडणं म्हणजे काय? नुसती किणकिण. वीस वेळा चार बोटं, म्हणजे तीन हातांहून जास्त. एका लेकराला निजायला पुरेल एवढी जागा बजरंगच्या रानात गेली. पुढच्या नांगरटीत पांढरा दगडही दिसेनासा झाला.

ते माझं शेवटचं काम. त्याच आठवड्यात कार्यालयात पोलादी फीत आली आणि मी खिळ्यावर गेले. रायभान मात्र चढत गेला. तिपाईवरचं यंत्र शिकला, संगणक शिकला, जिल्ह्याचे जुने नकाशे पडद्यावर आणले. "रायभान साहेबांची रेघ म्हणजे रेघ!" असं लोक म्हणायचे. ते ऐकलं की माझ्या कड्या आपोआप हलायच्या. वाळ्यांसारख्या. खरं सांगते, मलाच माझी भीती वाटायची.

या वर्षी रायभान साहेबांच्या निवृत्तीला एक महिना उरला होता. अपेक्षा ही नवी भूकरमापक मुलगी जुना नकाशा उपग्रहाच्या मोजणीशी जुळवत होती. "सर, सगळं जुळलं. एकच धुरा तीन हात सरकलाय. यंत्रच चुकलं असंल. तुमची रेघ कशी चुकंल?"

साहेबांनी पडद्यावर गावाचं नाव वाचलं. मग ते अडगळीत आले, मला उतरवलं आणि ओट्यावरच्या खुणांवर ताणलं.

चार बोटं जास्त.

कुणाला कळणार होतं? एक महिना गप्प बसले असते, तर हार घालूनच घरी गेले असते. पण त्यांनी त्याच ओट्यावर बसून लिहून दिलं : चूक माझी, यंत्राची नाही.

मग अपेक्षाला आणि मला घेऊन साहेब त्या शेतावर गेले. बजरंगनं आम्हाला बघताच टोमणा हाणला, "कामून आले सायेब? पस्तीस वर्सानं जाग आली का?" पण सगळं ऐकल्यावर म्हणाला, "घ्या माघारी. तीन हातानं मी काय राजा झालो?"

धुरा यंत्रानं लगेच सापडला. पण तानुबाई काठी टेकत आली आणि विचारलं, "अन् माजी चंदा कुठं हाय?"

यंत्राला ते कुठून माहीत! साहेबांनी त्या मोजणीची जुनी वही उघडली. त्यात त्यांच्याच अक्षरात होतं : पांढरा दगड, एकोणीस साखळ्या पंधरा आणे.

"सर, हिशोब करू का?" अपेक्षानं विचारलं.

"ज्या चुकीनं ती हरवली, त्या चुकीनंच सापडंल," साहेब म्हणाले, आणि नाल्याकाठच्या दगडापासून त्यांनी मला अंथरलं. उघड्या कडीसकट. एक, दोन, दहा, एकोणीस. मग पंधरा आणे. तिथं बजरंगनं हातभर खणलं आणि पहार दगडावर वाजली.

खण्ण!

मी हादरले, माझ्या कड्या किणकिणल्या. तानुबाई मटकन खाली बसली. "वाळे वाजले," ती म्हणाली. "बाई गं, हितंच हाईस व्हय?"

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. साहेब निवृत्त झाले. माझी कडी त्यांनी दुरुस्त करू दिली नाही. खाली "चार बोटं जास्त" अशी चिठ्ठी लावली. रोज सकाळी अपेक्षा ती वाचते आणि मगच आपलं यंत्र खुणांवर ठेवून तपासते.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी मोजाल. शेत, रस्ता, नाहीतर माणसं. कितीही घाई असो, निघण्याआधी स्वतःला एकदा ओट्यावरच्या खुणांवर ताणून बघा. बस दुसरी मिळते. मी हल्ली वाजत नाही. पण तुम्ही विसरलात, तर वाजेन.